वॉर्डात मागे उभ्या राहणाऱ्या मुलांसाठी काय करता येईल?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाचं आहे ते कळेल. तुम्ही मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात मेडिसिनमध्ये सहायक प्राध्यापक म्हणून नुकतेच रुजू झाला आहात. सेकंड एमबीबीएसच्या पंचवीस-तीस मुलांची बॅच क्लिनिक्ससाठी, म्हणजे रुग्णांजवळ प्रत्यक्ष शिकायला, तुमच्याकडे आली आहे. मुलं राऊंडच्या मागे उभी राहतात, निम्मी मोबाईलवर एमसीक्यू (बहुपर्यायी प्रश्न) सोडवतात आणि उरलेली हजेरी झाली की लायब्ररी गाठतात. विभागात स्मार्ट बोर्ड नाही, पुतळ्यांवर सराव करायच्या स्किल लॅबला बहुतेक वेळ कुलूप असतं. या मुलांना रसच नाही का, असं तुम्हाला वाटायला लागलंय. डीनकडे काय मागावं आणि ते मिळेपर्यंत आपल्या हातात काय आहे, असं तुम्ही विचारलंय.

मीही मुंबईतच, महापालिकेच्याच रुग्णालयात मेडिसिन शिकवते. त्या अनुभवावरून सांगते की यात साधनांचा भाग थोडा आहे आणि रसाचा त्याहूनही कमी. खरी अडचण अशी की त्या मुलाला वॉर्डात कामच नसतं. रेसिडेंटला (पदव्युत्तर शिकणाऱ्या डॉक्टरला) काम आहे, इंटर्नला आहे, सिस्टरांना आहे, मामा-मावशींना (वॉर्डबॉय आणि आयांना) आहे. सेकंड इयरच्या मुलावाचून मात्र वॉर्डाचं काहीही अडत नाही आणि हे त्याला पहिल्या चार दिवसांतच कळतं. लग्नघरात ज्याला कुणी काम सांगितलेलं नाही तो पाहुणा जसा दाराशी घुटमळत राहतो, तशी ही मुलं घुटमळतात. त्यांना रस नाही म्हणून ती मागे उभी राहत नाहीत. मागे उभं राहूनच त्यांचा रस जातो.

आता, किती करता येईल हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. तुमचे युनिट प्रमुख कसे आहेत, रेसिडेंट किती आहेत, मुलांचं वॉर्डातलं पोस्टिंग कोणत्या महिन्यात आलंय. जुलै-ऑगस्टमध्ये मलेरिया, डेंगी, लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिसने) वॉर्ड भरून जमिनीवर गाद्या पडतात, तेव्हा शिकण्यासारखं सर्वांत जास्त असतं आणि शिकवायला वेळ सर्वांत कमी. शिवाय २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी सरकारी आणि महापालिकेच्या महाविद्यालयांत जागा वाढल्या. वॉर्ड आणि शिकवणारे हात त्या मानाने वाढले नाहीत. हा भार तुम्ही एकट्याने हलका करू शकणार नाही. मी जे सांगतेय ते मेडिसिनच्या वॉर्डापुरतं. सर्जरी किंवा गायनॅकमध्ये कामाची लय वेगळी असते, तिथल्या लोकांनी तिथलं सांगावं.

मी पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी मुलांच्या जोड्या लावते आणि प्रत्येक जोडीला एक रुग्ण देते. तो रुग्ण डिस्चार्ज होईपर्यंत त्यांचा. रोज सकाळी राऊंडच्या आधी त्यांनी त्याची नाडी, बीपी, तापाचा तक्ता, रात्रभरात लघवी किती झाली ते पाहायचं, रात्रीच्या नोंदी वाचायच्या आणि रात्र कशी गेली हे त्याला स्वतः विचारायचं. राऊंड त्या खाटेपाशी आला की दोन मिनिटांत सांगायचं. यात एक अट आहे आणि ती पाळली नाही तर सगळं फुकट जातं: मुलांनी आणलेली माहिती खरोखर वापरली गेली पाहिजे. मुलगी म्हणाली की काल सकाळपासून लघवी फार कमी झालीय, तर रेसिडेंटने तिथल्या तिथे तक्ता उघडून बघायला हवा. एकदा असं घडलं की दुसऱ्या दिवशी ती मुलगी आपण न सांगता आठ वाजता हजर असते.

हे रेसिडेंटशी आधी बोलून घ्या. त्यांना आणखी एक ओझं नको असतं, आणि ते बरोबरच आहे. त्यांना सांगा की मुलं व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) मोजतील, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावतील, नातेवाईकांकडून राहिलेली हिस्ट्री काढतील. मात्र मुलांना रक्ताचे नमुने लॅबमध्ये पोचवायला पाठवू नका. आपल्याकडे इंटर्नचा निम्मा दिवस त्यात जातो आणि त्यातून कुणी काही शिकत नाही. रुग्णाबरोबर एकदा सोनोग्राफीच्या रांगेत बसणं वेगळं. तिथे मुलाला कळतं की आपण केस पेपरवर सहज लिहिलेल्या एका ओळीसाठी माणूस उपाशीपोटी किती तास बसतो.

एक उदाहरण देते. माझ्या एका विद्यार्थिनीकडे क्षयरोगाचा रुग्ण होता, हातगाडी ओढणारा. औषधं सुरू झाली होती, पण वजन वाढेना. तिने त्याच्याशी गप्पा मारता मारता विचारलं की जेवता काय. क्षयरुग्णांना आहारासाठी सरकार देतं ते निक्षय पोषण योजनेचे पैसे, जे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० रुपयांचे १००० झाले, ते त्याला मिळतच नव्हते, कारण बँक खात्याचे तपशील नीट नोंदले गेले नव्हते. तिने टीबीच्या कर्मचाऱ्याला गाठून ती नोंद दुरुस्त करून घेतली. त्या पोस्टिंगमध्ये रिफॅम्पिसिन या क्षयाच्या औषधाचे दुष्परिणाम तिने जितके मन लावून वाचले तितके कुठल्याही लेक्चरमुळे वाचले नसते. तो तिचा रुग्ण होता.

जोड्या लावताना मी एक काळजी घेते. १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून आलेल्या बऱ्याच मुलांना मराठी येत नाही. उलट मराठी माध्यमातून आलेली काही मुलं रुग्णाशी सुरेख बोलतात, पण केस इंग्रजीत मांडायची वेळ आली की गप्प होतात. या दोघांची जोडी लावा. पहिले दोन आठवडे केस मराठीत किंवा हिंदीत मांडली तरी चालेल, असं मी स्पष्ट सांगते. आधी हिस्ट्री नीट घेता येऊ दे, विचार सुसंगत होऊ दे, इंग्रजी मागाहून येतं. ज्या मुलाला सगळे कच्चा समजत होते तो आजीशी पाच मिनिटं बोलून असं काही काढून आणतो की अख्खी बॅच त्याच्याकडे बघते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

दुसरी गोष्ट: मुलांना काम करताना प्रत्यक्ष पाहा. आपण मुलांना प्रश्न विचारतो, उत्तरं ऐकतो, पण त्यांचे हात क्वचित पाहतो. प्लीहा (डाव्या बरगड्यांखालचा अवयव, स्प्लीन) तपासण्याचंच घ्या. मुलाला विचारलं तर पद्धत तोंडपाठ असते. प्रत्यक्षात तो सरळ डाव्या बरगडीखाली बोटं खुपसतो आणि म्हणतो, ‘मॅडम, स्प्लीन लागत नाही.’ रुग्ण जुन्या मलेरियाचा, प्लीहा बेंबीपर्यंत आलेली, आणि मुलाचा हात मुळात प्लीहेवरच ठेवलेला! कडा खाली राहिली, मग ती लागणार कशी? पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात करायची, रुग्णाला गुडघे थोडे दुमडून निजवायचं, प्रत्येक खोल श्वासाला हात थोडा थोडा डावीकडे वर न्यायचा, कारण प्लीहा वाढते ती त्याच रेषेत खाली येते. हे मी त्याचा हात धरून एकदा करून घेतलं की तो आयुष्यभर विसरत नाही. तोंडी परीक्षेत ही चूक कधीच सापडली नसती. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डन यांनी ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा मांडली ती याच गरजेतून: प्रत्येक विद्यार्थी प्रत्यक्ष काय करतो ते कुणीतरी ठरावीक पद्धतीने पाहिलं पाहिजे. तुम्हाला रोज अख्खी बॅच पाहता येणार नाही. रोज एकाच मुलाची एकच तपासणी पाच मिनिटं पूर्ण पाहा, मध्ये बोलू नका, मग दोन वाक्यांत सांगा. पोस्टिंग संपेपर्यंत बहुतेकांचा नंबर लागतो.

ओपीडीचं काय, हा तुमच्या मनातला पुढचा प्रश्न असणार. तिथे रांग दारापर्यंत, शिकवायचं कधी? यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली पद्धत १९९२ मध्ये नेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली होती. ‘वन मिनिट प्रिसेप्टर’ (एका मिनिटाचा शिक्षक) नावाने ती ओळखली जाते. पाच पायऱ्या आहेत, पण पायऱ्या पाठ करण्यापेक्षा ती चालते कशी ते बघा.

पावसाळ्यातला दिवस. मुलाने तापाचा रुग्ण पाहिला, डोळे पिवळे, पिंढऱ्या दुखतायत. मी विचारते, ‘तुला काय वाटतं?’ इथे मुलाला एक निदान पत्करायला लावायचं. तो म्हणतो, लेप्टो. ‘कशावरून?’ ‘पिंढऱ्या दाबल्या की ओरडतो, डोळे लालसर आहेत, आणि मागच्या आठवड्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी गेला, पायाला जखम होती.’ मग मी एकच सर्वसाधारण नियम सांगते: ‘विषाणूजन्य काविळीत डोळे पिवळे होईपर्यंत ताप बहुधा उतरलेला असतो. ताप आणि कावीळ एकाच वेळी जोरात असतील तर लेप्टो आणि मलेरिया आधी मनात आण.’ मग बरोबर काय झालं ते नेमकं सांगायचं: ‘पाण्याचं आणि जखमेचं तू आपणहून विचारलंस, त्यामुळे निदान सापडलं.’ नुसतं ‘छान’ म्हणून भागत नाही, त्यातून त्याला काय परत करायचं ते कळत नाही. आणि शेवटी राहिलेलं: ‘लघवी किती होते हे विचारलं नाहीस. लेप्टोत मूत्रपिंडं कधी बिघडतील सांगता येत नाही. जा, विचारून ये.’ दोन मिनिटं लागली. रांग थांबली नाही, कारण तेवढ्यात मी रुग्णाला तपासत होते आणि रेसिडेंट पुढचा पेपर लिहीत होता. ओपीडीच्या एका सकाळी असं तीन-चार मुलांबरोबर झालं तरी पुष्कळ झालं.

वातावरणाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, की मुलं प्रश्न विचारायला घाबरतात. माझ्या मते ही ओळ तुमच्या प्रश्नात सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्यापैकी बरेच जण अपमान सोसत शिकलो आणि त्यातूनच आपण घडलो असं मानतो. मी तसं मानत नाही. अपमान सोसलेला विद्यार्थी पुढच्या वेळी न पाहिलेली फाइंडिंग पाहिली म्हणून सांगतो, आणि हाच मुलगा चार वर्षांनी रात्री दोन वाजता एखाद्या कॅज्युअल्टीत एकटा असणार आहे. ‘मला हार्ट साऊंड ऐकू आले नाहीत’ हे म्हणायची मुभा त्याला आजच मिळाली पाहिजे. चूक रुग्णासमोर मोठ्याने सांगू नका, खाटेपासून चार पावलं दूर जाऊन सांगा. प्रश्न नेहमी सर्वांत ज्युनिअर मुलापासून विचारायला सुरुवात करा, म्हणजे वरच्याने उत्तर दिल्यावर खालचा गप्प बसायची वेळ येत नाही. आणि आपल्याला येत नसेल तेव्हा ‘माहीत नाही, उद्या वाचून येते’ असं सगळ्यांसमोर म्हणा आणि खरोखर वाचून या.

यातच रुग्णाचा विचार येतो. पंचवीस मुलांनी एकाच माणसाचं पोट दाबायचं, हे शिक्षण नव्हे. माझ्याकडे एका रुग्णाला एका सकाळी चार-पाचांपेक्षा जास्त विद्यार्थी तपासत नाहीत. आधी नाव सांगून परवानगी मागायची, पडदा ओढायचा, स्त्री रुग्ण असेल तर सिस्टर किंवा एखादी विद्यार्थिनी बरोबर हवी, दम लागलेल्या किंवा कळा येत असलेल्या माणसाला हात लावायचा नाही. रुग्ण नको म्हणाला तर त्याचे आभार मानून पुढच्या खाटेकडे जायचं. गरीब माणूस फुकट उपचार घेतोय म्हणून त्याचं शरीर सरावासाठी खुलं आहे, असा समज मुलांच्या मनात नकळत रुजतो. कुणी तो शब्दांत शिकवत नाही, आपल्या वागण्यातून ती उचलतात. २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात एटकॉम नावाने वृत्ती, नीती आणि संवादाचे तास आहेत. ते तास वर्गात जरूर घ्या, पण त्याची खरी परीक्षा पडदा ओढला की नाही इथे होते.

मोबाईलवरच्या एमसीक्यूंवरून मुलांना रागावू नका. नीट-पीजीचं (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेचं) दडपण खरं आहे आणि स्वतःला प्रश्न विचारून पाहणं ही पाठांतरापेक्षा चांगली सवय आहे. त्यांना फक्त एक फरक दाखवा: छापील प्रश्नात लागणारी माहिती आधीच निवडून, मांडून दिलेली असते. रुग्ण ती तशी देत नाही, ती निवडायला इथे शिकायचं असतं. मी शनिवारी प्रत्येक जोडीला आपल्या रुग्णावरून एक एमसीक्यू तयार करून आणायला सांगते, चारही पर्याय पटण्यासारखे हवेत. असा प्रश्न करताना मुलं जे वाचतात ते बघण्यासारखं असतं.

लॉगबुकबद्दल, म्हणजे मुलांच्या कामाच्या नोंदवहीबद्दल, थोडक्यात. सगळीकडे ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका बैठकीत भरली जातात आणि सह्याही तशाच होतात. तुम्ही फक्त त्या दिवशी पाहिलेल्या कामावर त्या दिवशी सही करायची, एवढंच ठरवा. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरीचा नियम आहे, तो पाळा, पण हजेरी सकाळी न घेता शेवटी घ्या. कुटुंब दत्तक योजनेत मुलं काही कुटुंबांच्या आरोग्यावर लक्ष ठेवतात, ते काम पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) विभागात होतं. त्यांनी घेतलेल्या कुटुंबात मधुमेहाचा माणूस असेल तर त्याच्या घरच्या जेवणाबद्दल वॉर्डात विचारा, दोन विभागांचं शिकणं आपोआप जोडलं जातं.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी सांगते. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कार्यदलाचा अहवाल २०२४ मध्ये आला. त्यातल्या ऑनलाइन पाहणीत उत्तर देणाऱ्या एमबीबीएसच्या मुलांपैकी २७.८ टक्के जणांनी मानसिक आरोग्याची तक्रार असल्याचं सांगितलं. म्हणजे तुमच्या बॅचमध्येही अशी काही मुलं असणार. तुम्ही मानसोपचार करायचे नाहीत, पण लक्ष ठेवायचं. रोज पुढे असणारी मुलगी सलग तीन दिवस दिसली नाही तर जोडीदाराला विचारा, मग तिला स्वतः फोन करा. मानसोपचार विभाग आपल्याच आवारात आहे. तिथे ओळखीचे लोक असल्याने मुलं जायला लाजतात, म्हणून त्यांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही द्या. रॅगिंगची कुणकुण लागली तर परस्पर मिटवू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे आणि तक्रार आली की संस्थेला चौकशी करावीच लागते.

आणि मुलांना दिलेला रुग्ण कधी ना कधी दगावतो. त्या दिवशी क्लिनिक बाजूला ठेवून त्या जोडीबरोबर दहा मिनिटं बसा. काय झालं, काय करता येण्यासारखं होतं, काय नव्हतं हे आधी वैद्यकीय भाषेत बोला, मग त्यांना कसं वाटतंय ते विचारा. हा क्रम मला जमलाय, कारण मुलं भावनांबद्दल एकदम बोलत नाहीत, पण क्रिएटिनिनसारख्या तपासण्यांबद्दल बोलता बोलता बोलायला लागतात.

तुमच्या स्वतःच्या शिकण्यासाठी: वैद्यकीय शिक्षणाचा बेसिक कोर्स बढतीसाठी लागतोच, तर तो लवकर आणि मन लावून करा. पुढे जास्त रस वाटला तर परळला जीएस मेडिकल कॉलेजमध्ये २००५ पासून फेमर या वैद्यकीय शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची फेलोशिप चालते. तिथे देशभरातले शिक्षक आपापल्या कॉलेजातला एखादा प्रत्यक्ष प्रश्न घेऊन येतात आणि त्यावर काम करतात.

आता डीनकडे काय मागायचं ते. स्मार्ट बोर्ड मागू नका, निदान आत्ता नको. वॉर्डाला लागून एक छोटी खोली मागा, तिथे दहा-बारा खुर्च्या, एक पांढरा फळा आणि एक्स-रे बघायचा व्ह्यू बॉक्स. रुग्णासमोर जे बोलता येत नाही ते बोलायला ही जागा लागते, आणि राऊंडनंतर मुलांना बसायला वॉर्डाजवळ दुसरं काही नसतं. खाटांसाठी पडदे मागा. विद्यार्थिनींसाठी त्याच मजल्यावर वापरण्याजोगं स्वच्छतागृह आणि बॅगा ठेवायला कुलपाची कपाटं मागा.

स्किल लॅबच्या बाबतीत मात्र साधनाचं महत्त्व खरंच आहे. हृदय बंद पडल्यावर छातीवर दाब देण्याचा सराव रुग्णावर करता येत नाही, पुतळ्यावरच करावा लागतो: मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मुलांना पहिल्यांदा कळतं की दोन मिनिटांत हात भरून येतात आणि माणूस बदलावा लागतो. सलाईनची सुई लावणं, कॅथेटर घालणं हेही आधी तिथेच. तुमच्या लॅबमध्ये हे पुतळे बहुधा आहेत, कुलूप काढायला माणूस नाही. म्हणून पत्रात नवीन सामान मागू नका. आठवड्यातून दोन दुपारी, २ ते ४, लॅब उघडी ठेवायला एक तंत्रज्ञ आणि त्या वेळी हजर राहणाऱ्या शिक्षकांची नावं, एवढंच मागा. पहिलं नाव तुमचं घाला. पत्रावर युनिट प्रमुख आणि विभागप्रमुख दोघांच्या सह्या घ्या, प्रत मेडिकल एज्युकेशन युनिटला द्या आणि दोन आठवड्यांनी स्वतः जाऊन विचारा.